मूल हसलं, रजा लांबवा

माणसाला दोन कान दिलेले असूनही त्याला ऐकू येतं ते अर्धवटच, आणि जे अर्धवट ऐकू येतं त्यावर त्याचा विश्वास मात्र पुरेपूर असतो. ही मानवजातीची जुनी व्यथा आहे. तिच्यावर आजवर पुष्कळ उपाय झाले, पण रस्ते व पूल खात्याच्या खोरे विभागाने जो केला, तो करण्याची छाती दुसऱ्या कुठल्याही खात्याने दाखवलेली नाही.

खोरे विभागाचा रस्ता डोंगराच्या कडेकडेने चढत जातो आणि शेवटी एका नदीवरच्या पुलाला भेटतो. या रस्त्यावर मोबाइल हा फक्त वेळ बघण्याच्या कामी येतो. म्हणून पुलावर एक राखणदार, त्याच्याजवळ एक वायरलेस, आणि रस्त्याच्या कडेने त्याचं बोलणं ऐकायला पाच ठाणी, अशी व्यवस्था होती. पुलावरून निघालेला शब्द दरीतून, कड्यांवर डोकं आपटत, वीजवाहिन्यांच्या गुरगुरण्यातून वाट काढत ठाण्यांपर्यंत यायचा. यायचा तेव्हा त्याचे हातपाय शाबूत असतीलच असं नाही.

पाचवं ठाणं पुलाच्या सगळ्यात जवळ, तीन किलोमीटरवर. एक खोली, एक टेबल, एक वायरलेस, एक तारेचा फोन, डोंगराकडे उघडणारी एक खिडकी आणि दाराबाहेर रस्त्यावर आडवा पडणारा लाल-पांढरा दांडा. इथे चौदा वर्षं एक बाई ऑपरेटर होत्या. त्यांना विभागात सगळे कानसेन म्हणत. राखणदार नुसता खाकरला तरी त्याला सर्दी आहे की तो काहीतरी लपवतोय, हे त्या सांगू शकत. (हे कौशल्य सेवापुस्तकात नोंदवण्यासाठी रकाना नव्हता, म्हणून नोंदवलेलं नाही.)

तीन वर्षांपूर्वी विभागात एक अभियंता बाई बदलून आल्या. त्यांनी आठवडाभर पाचही ठाण्यांवर बसून नुसतं ऐकलं, आणि मग एक साधी गोष्ट मांडली. एकच शब्द पाच ठाण्यांवर पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडून येतो. एकाकडे त्याचं डोकं पोचतं, दुसऱ्याकडे शेपूट. मग प्रत्येकाने आपल्यापुरतं ओढूनताणून वाक्य पुरं करण्याऐवजी आपापले तुकडे एकत्र केले तर? प्रत्येकाने शब्दापुढे आपली खात्री लिहायची, दहापैकी किती. ज्याला स्पष्ट आलं त्याचं जास्त मानायचं, ज्याला खरखरीतून आलं त्याचं कमी.

"बाई, एकच पथ्य आहे," त्या कानसेनना म्हणाल्या होत्या. "जे ऐकू आलं तेच लिहा. जे आलं असावं ते नको. आणि लिहून होईपर्यंत दुसऱ्याचं बघू नका."

"आणि काहीच कळलं नाही तर?"

"तर शून्य लिहा. शून्याची लाज नाही. खोट्या दहाने घात होतो."

कानसेनना हे फार आवडलं. इतक्या वर्षांत त्यांना 'कळलं नाही' असं लिहायची परवानगी प्रथमच मिळत होती. तीन महिन्यांत शंभरातले एक्क्याण्णव निरोप बिनचूक उतरू लागले. पूर्वी हा आकडा अठ्ठावन्नच्या पुढे गेला नव्हता. ही सहकारी श्रवण योजना इतकी यशस्वी झाली की वरिष्ठांना तिच्यात लक्ष घालणं भाग पडलं.

वरिष्ठ म्हणजे थोरले साहेब. ते पहिल्या ठाण्यावर बसत. पहिलं ठाणं एका मोठ्या डोंगराच्या आड आहे. तिथे वारा लागत नाही, धूळ येत नाही, गाड्यांचा आवाज पोचत नाही, आणि वायरलेसवरचंही फारसं काही पोचत नाही. अशा शांततेत निर्णय चांगले होतात. साहेबांनी योजनेचा सखोल अभ्यास केला (एक दुपार) आणि तिच्यातल्या तीन उणिवा परिपत्रक काढून दूर केल्या.

पहिली उणीव अशी, की सगळ्यांचे कान सारखे धरले होते. कान हा जरी शरीराचा अवयव असला तरी तो पदाला जोडलेला असतो. सबब, प्रत्येक ठाण्याच्या ऐकण्याला वजन ठरवण्यात आलं. साहेबांचं ऐकणं तीन. दुसऱ्या ठाण्यावर साहेबांचे जावईबापू होते, त्यांचं दोन (विशेष बाब म्हणून). तिसऱ्या ठाण्यावर 'होयबा' या नावाने ओळखले जाणारे कारकून आणि चौथ्यावर निवृत्तीला आलेले मास्तर, यांचं प्रत्येकी एक. कानसेन कनिष्ठ श्रेणीत असल्यामुळे त्यांचं अर्धं.

दुसरी उणीव म्हणजे एकमेकांचं न बघता लिहिण्याची सक्ती. सहकार्य म्हणायचं आणि एकमेकांकडे पाठ फिरवून बसायचं, हे साहेबांच्या मनाला पटेना. त्यांनी प्रत्येक ठाण्यावर एक पडदा बसवून घेतला. निरोप आला की साहेबांनी काय ऐकलं ते त्यावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत उमटे. त्याखाली बाकीच्यांनी आपलं ऐकावं.

तिसरी उणीव बारीक होती. कुणाला वेगळं ऐकू आलं तर काय, याची तरतूदच नव्हती. आता भिन्नश्रवण प्रपत्र आलं. तीन प्रतींत भरायचं, वेगळं का ऐकू आलं याची कारणं द्यायची, आणि कान तपासल्याचा दाखला जोडायचा.

परिणाम डोळे दिपवणारा होता. पाचही ठाण्यांचं एकमत बासष्ट टक्क्यांवरून नव्व्याण्णव पूर्णांक चारवर गेलं. (उरलेला अंश चौथ्या ठाण्याची वीज गेली त्या दिवसाचा.) सरासरी खात्री दहापैकी दहा झाली. बाहेरच्या खात्यांची शिष्टमंडळं हे बघायला येऊ लागली.

अभियंता बाई साहेबांना भेटायला गेल्या. "साहेब, एकमत वाढलंय, ऐकणं नाही वाढलं. आता पाच ठाणी नाहीत, एकच आहे. आणि ते डोंगराआड आहे."

साहेबांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना खांब-भांडारात पाठवलं, जिथे खांब मोजावे लागतात आणि खांब कधी वेगळं बोलत नाहीत.

कानसेननी सुरुवातीला दोन वेळा भिन्नश्रवण प्रपत्र भरलं. दुसऱ्या वेळी कान तपासणारे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचे कान उत्तम आहेत. तुम्हाला दुसरं काही काम नाही का?" त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. निरोप आला की आधी पडद्यावर नजर जायची, मग कानात आवाज. गंमत अशी की पडद्यावर जे लिहिलेलं असे तेच नंतर ऐकूही येऊ लागलं. काम सोपं झालं, मान दुखायची थांबली, आणि वार्षिक अहवालात त्यांच्या नावापुढे प्रथमच 'समाधानकारक' असा शेरा पडला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पुलाने घात केला.

राखणदाराला त्या सुमारास मुलगी झाली होती. नऊ दिवसांपूर्वी त्याने ही बातमी वायरलेसवर दिली, ती पाचही ठाण्यांनी अचूक उतरवून घेतली, आणि साहेबांनी विभागाच्या वतीने बाळाला एक टोपडं धाडलं. तेव्हापासून पुलावरून काही बोललं गेलं की साहेबांच्या डोळ्यांपुढे ते टोपडं येई.

त्या दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी राखणदाराचा निरोप आला. कानसेननी तो ऐकला. खरखरीतून पहिलं अक्षर गळालं होतं, पण "पूल" असावं असं त्यांना वाटलं, आणि "खचला". त्यांनी पेन्सिलीने 'पूल खचला' लिहिलंसुद्धा. मग नजर सवयीने पडद्याकडे गेली. तिथे ठळक अक्षरांत उमटलं होतं:

मूल हसलं. रजा लांबवा.

त्याखाली जावईबापूंनी, होयबांनी आणि मास्तरांनी क्रमाने तेच लिहिलेलं होतं. खात्री दहा, दहा, दहा, दहा.

कानसेननी डोळे मिटून आवाज पुन्हा आठवून बघितला. पूल की मूल? खचला की हसलं? "गाड्या थांबवा" असं काहीतरी होतं की "रजा लांबवा"? प्रपत्राच्या तीन प्रती कपाटात वरच्या फळीवर होत्या. स्टूल ओढावं लागलं असतं. नऊ दिवसांचं मूल हसतं का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला खरा. पण झोपेत हसतात, असंही त्यांनी स्वतःला सांगून टाकलं. त्यांनी खोडरबर घेतलं, 'पूल' पुसलं, 'मूल' लिहिलं, आणि खात्रीच्या चौकटीत दहा भरलं.

निरोप मंजूर झाला. त्यावर साहेबांनी तत्परतेने उत्तर पाठवलं: "अभिनंदन. तथापि आपण सध्या कामावर हजर असून रजेवर नाही. नसलेली रजा लांबवता येत नाही. विनंती नामंजूर." विभागातल्या सर्व गाड्यांच्या स्पीकरवरही ही आनंदवार्ता देण्यात आली, म्हणजे जाताना ड्रायव्हर मंडळी राखणदाराला दोन शब्द बोलतील.

पुलाचे मधले दोन खांब नदीत बसलेले, समोर रस्त्याला भलंमोठं भगदाड, आणि वायरलेसमधून "अभिनंदन" ऐकू आलं, तेव्हा राखणदाराला काय वाटलं असेल याची नोंद कुठेच नाही. त्याने बटण दाबून पुन्हा ओरडून सांगितलं.

पडद्यावर उमटलं: मूल पाळण्यात गेलं. मूल पाळण्यात गेलं.

(साहेब म्हणाले, "बाप झाला की माणूस एकच गोष्ट दोनदा सांगतो.")

कानसेननी पेन्सिल उचलली, 'मूल' लिहिलं, आणि तिथेच थांबल्या. शब्द त्यांना या खेपेलाही नीट लागला नव्हता. पण आवाज लागला होता. त्यांनी स्वतः दोन मुलं वाढवली होती. मूल पाळण्यात गेलं की घरातला बाप दबक्या आवाजात बोलतो, चपला हातात घेऊन चालतो, खोकला आला तर गिळतो. हा माणूस गळा फाटेस्तोवर ओरडत होता. आणि शेवटी ओरडता ओरडता रडत होता.

पाण्यात. पाळण्यात नव्हे, पाण्यात.

भिंतीवरच्या घड्याळात तीन एकतीस झाले होते. साडेतीनची बस रोज पाच मिनिटं उशिरा येते. त्या बसवर त्यांची धाकटी नणंद कंडक्टर होती.

त्यांनी थोरल्या साहेबांना फोन लावला. "साहेब, पूल गेलाय. बस थांबवायला सांगा."

"कुणी सांगितलं?"

"राखणदाराने. आत्ताच."

"त्यांनी काय सांगितलं ते आमच्यासमोर आहे, बाई. पाचही ठाण्यांचं एकमत आहे. तुमचं स्वतःचंही आहे. खात्री दहा."

"मी चुकीचं लिहिलं, साहेब. बघून लिहिलं."

"मग आता चुकीचं बोलत नसाल कशावरून?"

बाईंनी उत्तर शोधण्यात वेळ घालवला नाही. फोन तसाच पालथा टाकून त्या बाहेर पळाल्या, लाल-पांढरा दांडा खाली ओढला, त्याच्यापुढे खोलीतलं टेबल आणून आडवं केलं, आणि तेही कमी वाटलं म्हणून स्वतः टेबलापुढे उभ्या राहिल्या.

बस वळणावरून आली आणि हॉर्न देत टेबलापासून हातभर अंतरावर थांबली.

दारातून नणंद उतरली. दोघींमध्ये दोन महिने धुसफूस होती. सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला कुणी न्यायचं यावरून. एरवी वहिनीला 'तू' म्हणणारी नणंद तेव्हापासून 'तुम्ही' म्हणत होती, आणि त्यातून जे म्हणायचं ते सगळं म्हणत होती.

"वहिनी, हे काय? टेबल काढा तुमचं. उशीर होतोय."

"पूल खचलाय."

"काहीतरीच! आत्ताच स्पीकरवर सांगितलं, राखणदाराचं बाळ हसलं म्हणून. तुमचंच ठाणं होतं ना त्यात?"

"होतं."

"मग?"

"मग मी खोटं लिहिलं होतं. आता खरं सांगतेय."

बसमध्ये एक्केचाळीस प्रवासी होते. त्यांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. एक दात काढायला निघालेले गृहस्थ म्हणाले, की पाच जणांचं एकमत असताना या एकट्या बाईंचं काय म्हणून ऐकायचं. एक शिक्षिका म्हणाल्या, की सरकारी टेबल असं रस्त्यात आणणं शोभत नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नाही, ते चालूच ठेवलं, म्हणजे सगळ्यांना आशा राहिली. पाठीमागच्या बाकावर कुणीतरी कागद काढला आणि तक्रार लिहायला घेतली. कागद बाकांबाकांवरून पुढे सरकू लागला.

नणंदेने वहिनीकडे नीट पाहिलं. भांडणात, लग्नात, इस्पितळात, सगळीकडे पाहिलेला चेहरा होता तो. असा कधी पाहिला नव्हता.

"मी बघून येते," ती म्हणाली आणि तिकिटांची पेटी सीटवर ठेवून रस्त्याने चालत निघाली. पूल दिसतो त्या पुढच्या वळणापर्यंत दहा मिनिटांची वाट होती.

ती परत आली ती धावत नाही, रमत नाही, एक एक पाऊल मोजल्यासारखी. टेबलापाशी पोचली आणि कडेच्या दगडावर बसली. मग म्हणाली, "वहिनी, पाणी दे."

कानसेननी पाणी आणून दिलं. नणंदेने अर्धं प्यायलं, अर्ध्याने तोंड धुतलं. बसचं इंजिन बंद झालं.

या घटनेत कुणीही दगावलं नाही. राखणदार पलीकडच्या तीरावर सुखरूप होता आणि दुसऱ्या दिवशी होडीतून घरी आला. कुणी दगावलं नाही म्हणून अपघात घडला असं म्हणता येईना, आणि अपघात घडला नाही म्हणून योजना फसली असंही म्हणता येईना. तरीपण पूल कागदावर होता आणि नदीवर नव्हता, ही विसंगती लेखापरीक्षणात दिसली असती. म्हणून चौकशी समिती नेमण्यात आली. तिचे सदस्य पाच.

समितीने सगळ्या नोंदी तपासल्या आणि सहकारी श्रवण योजनेने त्या दिवशी विक्रमी कामगिरी केल्याचं तिला आढळून आलं. पाचपैकी पाच ठाण्यांचं एकमत, पन्नासपैकी पन्नास खात्री, उत्तर पाठवायला लागलेला वेळ चार मिनिटं. दोष कुठे असेल तर पुलात होता. त्याने पूर्वसूचना दिली नाही.

कानसेनना समितीपुढे उभं केलं तेव्हा त्यांनी एकच वाक्य तयार करून आणलं होतं. "मला पूल ऐकू आलं होतं आणि मी ते पुसून मूल लिहिलं. माझ्या त्या एका दहामुळे बस गेली असती."

अध्यक्षांनी हे वाक्य टिपून घेतलं आणि अहवालात त्याचा गौरवाने उल्लेख केला: सदर कर्मचारी यांनी सुरुवातीस योग्य समन्वय दाखवला होता. अकरा मिनिटांनंतरचं वर्तन मात्र आक्षेपार्ह. सहमतीविना ऐकल्याबद्दल त्यांच्या ऐकण्याचं वजन अर्ध्यावरून पाव करण्यात आलं. टेबलाच्या एका पायाला ओरखडा उठला होता आणि ते डुगडुगू लागलं होतं, त्याबद्दल समज देण्यात आली.

कानसेन त्या दिवशी घरी गेल्या. नणंद आली होती. तिने सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख आपणहून घेऊन टाकली. "पाव तर पाव," ती म्हणाली, "मला पुरतं." दुसऱ्या दिवशी बाई कामावर गेल्या, पडद्यावर जुनं धुतलेलं फडकं टाकलं, आणि पहिल्याच निरोपापुढे लिहिलं: नीट ऐकू आलं नाही, शून्य. संध्याकाळपर्यंत त्यांना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी ते घडी करून टेबलाच्या ओरखडलेल्या पायाखाली घातलं. टेबल तेव्हापासून डुगडुगायचं थांबलं.

राहिली प्रवाशांची तक्रार. तिच्यावर एक्केचाळीस सह्या होत्या, म्हणजे सगळ्यांच्या. समितीने शिस्त म्हणून प्रत्येक प्रवाशाचा जबाब नोंदवला, आणि त्यातून एक लहानशी बाब पुढे आली, ती परिशिष्टात टाकली आहे. ठाण्याच्या अलीकडे एक वळण आहे. तिथून डाव्या खिडकीतून नदी आणि पूल क्षणभर दिसतात. डाव्या खिडक्यांशी अकरा प्रवासी बसले होते. अकराही जणांनी सांगितलं, की पूल मध्येच तुटलेला त्यांना दिसला होता. मग बोलला का नाहीत, असं विचारल्यावर अकरा जणांनी अकरा वेगळ्या शब्दांत एकच उत्तर दिलं: दिसलं होतं, पण बाकी कुणी काही बोलेना, तेव्हा वाटलं आपल्यालाच भास झाला असेल. कागद पुढे आला, सगळ्यांनी केली होती, म्हणून सही केली.

हे वाचून आपणांस त्या अकरा जणांचा राग आला असण्याची शक्यता आहे. तसं असल्यास तो किती आला, हे दहापैकी खात्रीसह कळवावं. मात्र घाई करू नये. इतर वाचकांना किती राग आला, त्याचा तक्ता आपल्या सोयीसाठी आधीच तयार आहे.

बहुतेकांना आलेला नाही.